जर्मनीत पहिले घर लावताना: टपालपेटीपासून फोडणीपर्यंत

जर्मनीत येणाऱ्या मराठी माणसाचे मोठ्या गोष्टींत सहसा अडत नाही. व्हिसा, नोकरी, विद्यापीठ यांची तयारी कित्येक महिने आधीपासून झालेली असते. अडते ते घरात पाऊल टाकल्यावर. आपल्याकडे नव्या घरी गेल्यावर वॉचमन, शेजारच्या काकू किंवा सोसायटीचे सेक्रेटरी चार गोष्टी सांगतात. इथे त्या गोष्टी भाडेकरारात, जिन्यातल्या फलकावर किंवा टपालाने आलेल्या पत्रात लिहिलेल्या असतात, आणि तुम्ही त्या वाचल्या आहेत असे सगळे धरून चालतात. खालचा क्रम शक्यतो बदलू नका, कारण पत्ता नोंदवल्याशिवाय पुढची बरीच कामे हलत नाहीत.

जवळ ठेवायचे कागद

- पासपोर्ट आणि व्हिसा, कुटुंबातल्या प्रत्येकाचा
- सही झालेला भाडेकरार
- घरमालकाने सही केलेला, तुम्ही राहायला आल्याचा दाखला (वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग)
- विवाह नोंदणीचा आणि मुलांच्या जन्माचा दाखला, जर्मन भाषांतरासह
- बँक खात्याचा आयबान क्रमांक
- कागद लावायची एक जाड फाइल. इथले प्रत्येक पत्र वर्षानुवर्षे लागू शकते, त्यामुळे एकही फेकू नका.

१. जाहिरात आणि करार वाचताना

पहिला घोळ खोल्यांच्या मोजणीत होतो. इथे '२ त्सिमर' म्हणजे टू बीएचके नव्हे. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर त्या आकड्यात येत नाहीत, पण हॉल येतो. म्हणजे २ त्सिमर हे आपल्या हिशेबाने वन बीएचके झाले.

दुसरा घोळ भाड्याचा. काल्टमीटे म्हणजे नुसते जागेचे भाडे. त्यात पाणी, जिन्याची सफाई, कचरा आणि बहुतेक ठिकाणी हीटिंग यांचा अंदाजे खर्च मिळवला की वार्ममीटे होते. 'अंदाजे' हा शब्द लक्षात ठेवा. वर्षाअखेरीनंतर प्रत्यक्ष वापराचा हिशेब येतो आणि कमी पडलेले पैसे एकदम भरावे लागतात. हिशेबाचे वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत मालकाने हा हिशेब पाठवायचा असतो. घरातल्या विजेचे आणि इंटरनेटचे बिल वार्ममीटेत सहसा नसते.

डिपॉझिट, म्हणजे काउत्सिओन, जास्तीत जास्त ३ महिन्यांच्या काल्टमीटेइतके घेता येते. ते ३ समान मासिक हप्त्यांत भरण्याचा हक्क कायद्यानेच दिलेला आहे आणि पहिला हप्ता भाडे सुरू होताना द्यायचा असतो. घर न बघता, करार हातात नसताना एक सेंटही पाठवू नका. "मी सध्या परदेशात आहे, पैसे भरा, किल्ली टपालाने पाठवतो" असे सांगणारा मालक हा फसवणुकीचा जुना प्रकार आहे, आणि नवख्या माणसांनाच तो गाठतो.

२. किल्ल्या घेताना

किल्ली हातात घेण्यापूर्वी मालकाबरोबर प्रत्येक खोलीत फिरा. फरशीवरचा ओरखडा, बेसिनची चीर, खिडकीची सैल मूठ, सगळे युबरगाबेप्रोटोकोल नावाच्या कागदावर लिहून दोघांनी सही करायची. फोटोही काढा. लिहायचे राहिलेले नुकसान घर सोडताना तुमच्या नावावर येऊ शकते. विजेच्या मीटरचा क्रमांक आणि त्या दिवशीचा आकडा त्याच कागदावर टिपून घ्या.

दिवे लावलेले असतील असे समजू नका. बहुतेक रिकाम्या घरांत छतातून नुसत्या तारा लोंबत असतात. हिवाळ्यात दुपारी साडेचार-पाचलाच अंधारून येते, तेव्हा पहिल्या रात्रीसाठी प्लगवर चालणारा एक टेबललॅम्प बरोबर असू द्या.

किल्लीबद्दल दोन गोष्टी. घराच्या दाराला बाहेरून फिरणारे हँडल नसते, नुसती मूठ असते. दार मागे लागले की किल्लीशिवाय उघडत नाही, मग तुम्ही कचरा टाकायला दोन मिनिटांसाठी का गेलेले असा. रविवारी रात्री कुलूपवाला बोलावणे फार महाग पडते, म्हणून एक जादा किल्ली विश्वासातल्या माणसाकडे ठेवा. दुसरे असे की, तुमचीच किल्ली पुष्कळदा इमारतीचा मुख्य दरवाजा आणि तळघरही उघडते. ती हरवली तर मालक अख्ख्या इमारतीची कुलपे बदलण्याचा खर्च मागू शकतो. यावरचा उपाय पाचव्या पायरीत दिला आहे.

३. त्याच दिवशी टपालपेटीवर नाव लावा

हे काम पाच मिनिटांचे, पण राहिले तर सगळ्यात जास्त त्रास यानेच होतो. जर्मन पत्त्यात सहसा फ्लॅट नंबर नसतो. रस्ता, इमारतीचा क्रमांक, पिनकोड, शहर, बस. पोस्टमन इमारतीत येतो आणि पेट्यांवरचे आडनाव वाचून पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत जाते, आणि परत गेल्याचे तुम्हाला कोणी कळवत नाही. बँकेचे कार्ड, कर क्रमांक, आरोग्यविम्याचे कार्ड, सगळे याच पेटीत यायचे असते.

- पेटीवर आणि बेलवर दोन्हीकडे नाव हवे. कुरियरवाला बेल बघतो.
- आडनाव पासपोर्टमध्ये आहे त्याच स्पेलिंगने लिहा.
- नवरा-बायकोची आडनावे वेगळी असतील तर दोन्ही लिहा.
- कोणाकडे तात्पुरते राहत असाल तर पत्त्यात तुमच्या नावाखाली 'बाय' हा जर्मन शब्द आणि पेटीवर असलेले आडनाव घाला.

इथेच नावाचाही निकाल लावून टाका. आपल्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात बऱ्याचदा वडिलांचे किंवा नवऱ्याचे नावही असते. जर्मन कार्यालये ते तुमचेच दुसरे नाव धरतात. धरू द्या, पण बँक, विमा आणि नोकरी या तिन्हीकडे नाव अक्षरशः सारखे द्या. एकीकडे दोन शब्द आणि दुसरीकडे तीन, असे झाले की खुलाशाची पत्रे सुरू होतात.

४. आन्मेल्डुंग: पत्त्याची नोंदणी

राहायला आल्यापासून २ आठवड्यांत ब्युर्गरआम्टमध्ये (नागरिकांच्या कामांच्या सरकारी कार्यालयात) पत्ता नोंदवावा लागतो. चुकल्यास १,००० युरोपर्यंत दंडाची तरतूद आहे. नुसता भाडेकरार चालत नाही. २०१५ च्या नोव्हेंबरपासून मालकाचा वेगळा दाखला सक्तीचा आहे आणि तो देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. 'इथे नोंदणी करता येणार नाही' असे सांगून कोणी खोली देत असेल तर ती घेऊ नका. पत्त्याच्या नोंदीशिवाय तुमचे पुढचे काहीच हलणार नाही.

मोठ्या शहरांत अपॉइंटमेंट मिळणे हीच खरी अडचण. घर ठरल्याबरोबर शोधायला लागा. बर्लिनसारख्या शहरात तुमच्या भागातलेच कार्यालय हवे असे नाही, शहरातले कुठलेही चालते. रद्द झालेल्या वेळा सकाळी कार्यालय उघडायच्या सुमारास दिसू लागतात. २ आठवड्यांच्या आतली वेळ मिळालीच नाही, तर अपॉइंटमेंट मुदतीतच मागितल्याचा पुरावा जपून ठेवा.

अर्जात धर्माचा रकाना असतो. तो नुसत्या माहितीसाठी नाही. नोंदणीकृत चर्चच्या सदस्यांकडून आयकराच्या ९ टक्के, आणि बायर्न व बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्यांत ८ टक्के, चर्चकर घेतला जातो. हिंदू, बौद्ध, जैन किंवा मुस्लिम असाल तर हा कर लागत नाही. ख्रिस्ती असाल तर रकाना भरण्यापूर्वी हे माहीत असू द्या.

नोंदणीनंतर काही आठवड्यांत ११ अंकी कर क्रमांकाचे पत्र येते. हा क्रमांक आयुष्यभर तोच राहतो. नोकरीत तो वेळेवर दिला नाही, तर शेवटी सर्वात जड अशा सहाव्या वर्गाने कर कापला जातो. पैसे पुढे परत मिळतात, पण पहिल्या महिन्यांची ओढाताण टळत नाही.

५. वीज, प्रसारण शुल्क आणि विमा

विजेची कंपनी तुम्हीच निवडायची असते. काहीच केले नाही तरी दिवे लागतात, कारण त्या भागातली मूळ पुरवठादार कंपनी आपोआप वीज देते, पण तिचा दर सहसा चढा असतो. तिच्यातून २ आठवड्यांच्या नोटिशीवर बाहेर पडता येते. नवा करार राहायला जाण्याआधीच करा. २०२५ च्या जूनपासून मागील तारखेने नोंद होत नाही.

आन्मेल्डुंगनंतर रुंडफुंकबाइट्रागचे, म्हणजे सार्वजनिक रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचे, पत्र येते. ते फसवणुकीचे समजून फेकू नका. घरात टीव्ही नसला तरी दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो द्यावेच लागतात. हे शुल्क माणशी नसून घरटी आहे. एकत्र राहणाऱ्यांपैकी एकजण भरत असेल तर त्याचा क्रमांक कळवला की बाकीचे सुटतात.

हाफ्टप्फ्लिश्ट, म्हणजे तुमच्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाल्यास ते भरून देणारा विमा, सक्तीचा नाही. तरीही तो पहिल्याच आठवड्यात घ्या असे मी ठामपणे सांगेन. घेताना हरवलेली किल्ली आणि भाड्याच्या घराचे नुकसान या दोन्ही गोष्टी त्यात आहेत ना, ते बघा.

याचे मुख्य कारण न्हाणीघरात आहे. इथल्या न्हाणीघरात बहुधा जमिनीला मोरी नसते. शॉवरच्या किंवा टबच्या बाहेर पडलेले पाणी कुठेही वाहून जात नाही. ते फरशीच्या सांध्यांत आणि तिथून खालच्या घराच्या छतात उतरते. बादलीने अंघोळ करायची असेल तर टबात बसूनच करा, आणि फरशी ओतून धुवू नका, पिळलेल्या कापडाने पुसा. स्वयंपाकघरालाही हाच नियम. टॉयलेटशेजारी जेट स्प्रे बसवलात तर प्रत्येक वापरानंतर भिंतीतला कॉक बंद करायची सवय सगळ्यांना लावा. सतत दाबाखाली राहिलेली नळी एखाद्या दिवशी घरात कोणी नसताना फुटते.

६. स्वयंपाकघर

जाहिरातीत 'ईबीके' (म्हणजे बसवलेले किचन) ही अक्षरे नसतील, तर स्वयंपाकघर म्हणून मिळालेली खोली रिकामी असू शकते. ओटा, सिंक, कपाटे, शेगडी काहीही नसते. भिंतीत पाण्याचे दोन कॉक, सांडपाण्याचे तोंड आणि शेगडीच्या जोडणीची पेटी, एवढेच. आधीचा भाडेकरू आपले किचन विकत असेल तर त्यासाठी द्यायच्या रकमेला आब्लोझे म्हणतात. असे किचन घेतल्यास नव्या किचनची आठवडे-आठवडे वाट पाहावी लागत नाही. पण घेताना यादी, किंमत आणि सही कागदावर हवी, आणि तुम्ही जाताना ते कोणी घेतले नाही तर काढून न्यावे लागेल का, हे मालकाला विचारून ठेवा.

*शेगडीची जोडणी.* मोठी विजेची शेगडी साध्या प्लगवर चालत नाही. तिला ४०० व्होल्टची तीन फेजची जोडणी लागते. हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या आणि पावती ठेवा.

*काच-शेगडी की इंडक्शन?* दोन्ही वरून काळ्या काचेच्या आणि सारख्याच दिसतात. चालू केल्यावर काचेखाली लाल तापलेले दिसले तर ती साधी काच-शेगडी. इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा कुकर, तांब्या-पितळेची भांडी चालत नाहीत. भारतातून भांडी आणण्यापूर्वी बुडाला लोहचुंबक लावून बघा, घट्ट चिकटला तरच आणा. साध्या काच-शेगडीवर सगळे चालते, फक्त बूड सपाट हवे. खोलगट तवा फक्त मधोमध टेकतो आणि पोळी कडेला कच्ची राहते.

काच-शेगडी बंद केल्यावरही कित्येक मिनिटे तापलेली राहते. गॅसच्या सवयीने तीन शिट्ट्या मोजून बटण फिरवाल, तर चौथी आणि पाचवीही होईल. कुकर उचलून थंड जागी ठेवा. दुधाचेही तसेच, ते बंद केल्यावर उतू जाते. भांडे सरकवू नका, उचला. ॲल्युमिनियम घासले की काचेवर राखाडी रेघा उठतात.

काचेला सर्वात जास्त धोका पाकाचा. गुळाच्या पोळीचे सारण किंवा चिक्कीचा पाक काचेवर सांडला तर थांबू नका. शेगडी बंद करून, काच गरम असतानाच, पाते असलेल्या खरवडणीने तो काढा. हात भाजणार नाही अशा बेताने खरवडणी आडवी धरा. थंड होऊ दिला तर साखर काचेला धरते, आणि ओढून काढताना काचेच्याच खपल्या निघतात. तिथे कायमचा खड्डा पडतो आणि त्याचे पैसे डिपॉझिटमधून कापले जाऊ शकतात.

भरताचे वांगे भाजायला ज्योत नाही. वांग्याला टोचे मारा, तेलाचा हात लावा आणि ओव्हनच्या वरच्या ग्रिलखाली, मधे एकदा उलटून, अर्धा-पाऊण तास ठेवा. टोचे मारले नाहीत तर ते आत फुटते.

*मिक्सर.* वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आहे, त्यामुळे भारतातला मिक्सर नीट चालतो. फक्त पिना वेगळ्या. प्रवासी अडॅप्टरांपैकी बरेच अर्थिंग जोडतच नाहीत, आणि धातूच्या अंगाच्या उपकरणाला ते धोक्याचे आहे. शुको पद्धतीचा, बाजूला अर्थिंगच्या पट्ट्या असलेला अडॅप्टर घ्या. त्याहून बरे म्हणजे इलेक्ट्रिशियनकडून प्लगच बदलून घेणे. एका अडॅप्टरवर भारतीय एक्स्टेन्शन बोर्ड लावून त्यावर किटली आणि हीटर एकदम चालवू नका.

*पाणी.* नळाचे पाणी थेट पिता येते, उकळायला नको. पण अनेक शहरांत, बर्लिन आणि म्युनिक धरून, ते जड आहे. १४ जर्मन अंशांच्या वर असले की त्याला जड म्हणतात. तुमच्या भागाचा आकडा पाणीपुरवठा कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. याचा पहिला अनुभव येतो तूरडाळीत. पाण्यातले कॅल्शियम डाळीच्या पेशींतल्या पेक्टिनला घट्ट करते, आणि कितीही शिट्ट्या दिल्या तरी डाळ मोडत नाही, दाणा-दाणा राहतो. डाळ दोन तास भिजवा, फिल्टरच्या जगातले पाणी घ्या किंवा चिमूटभर सोडा घाला. टोमॅटो, चिंच डाळ शिजल्यावरच.

किटलीत साठणाऱ्या पांढऱ्या थराला सायट्रिक आम्ल लावा. एक लिटर गार पाण्यात दोन चमचे, अर्धा तास, आणि किटली चालू करायची नाही. तापवल्यास न विरघळणारा नवाच थर बसतो.

*वाणसामान.* मैद्याच्या पाकिटावरचे ४०५, ५५०, १०५० हे आकडे पीठ जाळल्यावर उरणाऱ्या राखेचे प्रमाण सांगतात. आकडा वाढेल तसा कोंडा जास्त. पोळीसाठी १०५० आणि बारीक दळलेले फोलकोर्न (अख्ख्या धान्याचे पीठ) निम्मे-निम्मे घेऊन कणीक अर्धा तास झाकून ठेवा. रव्याला वाइखवाइत्सनग्रीस म्हणतात, डाळीच्या पिठाला किशरएर्ब्सनमेल. ते काबुली चण्याचे असते, भजी-पिठल्याला चालते. श्रीखंडासाठी चक्का टांगत बसायला नको. ४० टक्केवाला क्वार्क, म्हणजे इथला चक्क्यासारखा पदार्थ, आणा, जाड फडक्यात तासभर निथळू द्या आणि साखर फेटा. मागेरक्वार्क घेऊ नका, त्यात स्निग्धांश जवळजवळ नसतो. पनीर करताना हा-मिल्श टाळा. अतिउच्च तापमानाला तापवलेल्या त्या दुधाची गाठ मऊ राहते, वडी धरत नाही.

७. वाफ, धूर आणि बुरशी

घरे हवाबंद बांधलेली असतात. कुकरची वाफ, फोडणीचा धूर, खोलीत वाळत घातलेले कपडे, सगळी ओल आतच राहते आणि बाहेरच्या थंड भिंतीवर बसते. तिथे काळी बुरशी धरली की हवा खेळती ठेवली नाही, असे म्हणून मालक तुमच्याकडे बोट दाखवतो. दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या पूर्ण उघडून ५ ते १० मिनिटे वारा आरपार जाऊ द्या. त्या वेळी हीटर बंद ठेवा. खिडकी दिवसभर किलकिली ठेवण्याने भिंती गार पडतात आणि उलट बुरशीच वाढते.

हीटरच्या चकतीवरचा ३ म्हणजे सुमारे २० अंश सेल्सिअस. ५ वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त जास्त तापते.

शेगडीवरची चिमणी हवा बाहेर टाकते की गाळून परत खोलीतच सोडते, ते बघा. दुसऱ्या प्रकारात कोळशाचा फिल्टर वेळोवेळी बदलावा लागतो, नाहीतर मोहरी-हिंगाचा वास पडद्यांत मुरतो. फोडणी करताना खोलीचे दार लावा आणि खिडकी उघडा. जिन्याकडचे दार उघडून धूर घालवू नका. झोपायच्या खोल्यांत आणि बोळात धूर ओळखणारी यंत्रे सक्तीची आहेत. ती काढून ठेवू नका.

८. कचरा

ओला आणि सुका एवढी विभागणी इथे पुरत नाही. डब्यांचे रंग गावागणिक थोडे बदलतात, त्यामुळे झाकणावरचे शब्द वाचा.

- बायो: साली, देठ, चहाचा चोथा. प्लॅस्टिकची पिशवी अजिबात नाही. 'कंपोस्ट होणारी' पिशवीही अनेक गावांत चालत नाही.
- पापिअर: कोरडा कागद, पुठ्ठा. खोकी फाडून सपाट करा.
- गेल्बे टोने किंवा पिवळी पिशवी: प्लॅस्टिकची आणि धातूची वेष्टने. धुवायची गरज नाही, रिकामी हवीत.
- रेस्टम्युल: उरलेले सगळे. डायपर, फुटलेल्या बशा, तेलकट कागद.

काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या टाक्यांत, पांढऱ्या, तपकिरी, हिरव्या अशा वेगळ्या. निळी काच हिरव्यात. फुटलेला पेला त्यात टाकू नका, त्या काचेचा वितळबिंदू वेगळा असतो. या टाक्यांत रात्री आणि रविवारी बाटल्या टाकत नाहीत, आवाजासाठी.

प्फांड म्हणजे बाटलीची अनामत. एकदाच वापरायच्या बाटलीला आणि कॅनला २५ सेंट, पुन्हा भरल्या जाणाऱ्यांना बहुधा ८ किंवा १५ सेंट. त्या दुकानातल्या यंत्रात परत करा. आपण सवयीने बाटली चेपून टाकतो, ते इथे नको. चुरगळलेल्या बाटलीवरची खूण यंत्राला वाचता येत नाही आणि ती परत येते.

९. शांतता, रविवार आणि सण

रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळायची, रविवारी आणि सुट्टीला दिवसभर. रविवारी ड्रिल नाही, हातोडा नाही. इडलीचे पीठ शनिवारी संध्याकाळीच वाटून ठेवा. काही इमारतींत दुपारी १ ते ३ देखील शांततेची वेळ असते, ते हाउसओर्डनुंगमध्ये, म्हणजे इमारतीच्या नियमावलीत, सापडेल. रविवारी दुकानेही बंद. अगदीच अडले तर मोठ्या रेल्वे स्थानकातली आणि पेट्रोलपंपावरची उघडी असतात.

घरी गणपती बसवणार असाल तर चार दिवस आधी जिन्यात चिठ्ठी लावा: तारीख, आरतीची वेळ, किती वाजता संपेल, तुमचे नाव आणि फोन. शेजारी बहुधा समजून घेतात, कुतूहलाने प्रसादालाही येतात. पण चिठ्ठीमुळे १० नंतरची परवानगी मिळत नाही. झांजा साडेनवापर्यंत. धूप लावताना धूर ओळखणाऱ्या यंत्राखाली उभे राहू नका.

विसर्जन नदीत किंवा तळ्यात करता येत नाही, परवानगीशिवाय पाण्यात काही सोडणे बेकायदेशीर आहे. शाडूची छोटी मूर्ती घ्या आणि बादलीत विसर्जन करा. ते पाणी सिंकमध्ये किंवा टॉयलेटमध्ये ओतू नका, माती पाइपाच्या वळणात बसते आणि तो साफ करायचा खर्च तुमच्यावर येतो. दोन दिवस माती खाली बसू द्या, वरचे पाणी कुंड्यांना घाला आणि उरलेला गाळ कुंडीतल्या मातीत मिसळा. हारातला दोरा काढून निर्माल्य बायोच्या डब्यात टाका.